मंडळीचा गरीब निधी: ठाणे आणि नवी मुंबईत तो कसा उभारावा, कसा चालवावा

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चच्या आवारात तांदळाची पिशवी, ब्लँकेट आणि केकचा तुकडा वाटला की बहुतेक मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या सभासद समुदायांना, वर्षाचं कर्तव्य उरकल्यासारखं वाटतं. गरजेचा मोसम मात्र वेगळा आहे. नाक्यावर उभं राहणाऱ्या गवंड्याला, बिगाऱ्याला, रंगाऱ्याला डिसेंबरात काम असतं. त्याचे हाल जूनमध्ये सुरू होतात. पाऊस धरतो, काम थांबतं, त्याच आठवड्यात शाळा उघडते, वह्या-गणवेश-रेनकोट एकदम येतात आणि जुलैत घरात ताप शिरतो. देणग्या डिसेंबरात येतात आणि पैसे जून ते ऑगस्टमध्ये लागतात. हे अंतर भरून काढणं हेच गरीब निधीचं पहिलं काम. म्हणून नाताळात जमलेल्या रकमेतले किमान निम्मे पैसे पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा आणि तसा ठराव कमिटीच्या वहीत लिहून टाका. लिहिलं नाही तर ते पैसे ईस्टरपर्यंत छताच्या पत्र्यांवर जातात.

पुढची माहिती शंभर ते तीनशे कुटुंबांच्या मंडळीला डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. कॅथलिक पॅरिश असो किंवा पाळकांची (प्रोटेस्टंट) मराठी मंडळी, शब्द बदलतील, काम तेच.

आधी देणं, मग दान

सुरुवात दानपेटीपासून नाही, पगारापासून करायची. बायबलमधलं अनुवाद २४:१४-१५ मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगतं, आणि याकोब ५:४ मध्ये मालकाने अडवलेली मजुरीच ओरडते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं कुटुंब आणि त्याच टॉवरमागच्या वस्तीतून त्यांच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई एकाच चर्चला येत असतील, तर गरिबांविषयीची जबाबदारी त्या घराच्या दारातच सुरू झालेली असते.

घरात पाळायच्या गोष्टी थोड्या आणि ठोस आहेत. पगार ५ तारखेच्या आत. महिन्याला ४ भरपगारी सुट्ट्या. तुम्ही मे महिन्यात गावी गेलात तरी त्यांचा पगार चालू, कारण सुट्टी तुम्ही घेतली आहे, त्यांनी नाही. वर्षाला एक पगार बोनस, दिवाळीला हवा की नाताळला हे त्यांनाच विचारा. आजारपणात उचल दिली तर महिन्याला पगाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त कापू नका. जुने कपडे आणि कालची भाजी बोनसमध्ये धरायची नाही.

हाच हिशेब चर्चलाही लावा. आवार झाडणारा, रात्रीचा वॉचमन, दफनभूमीत खड्डा खणणारा यांना किमान वेतन मिळतं का, हे कमिटीने दर एप्रिलला कागद पाहून तपासावं. माणसं ठेकेदारामार्फत असतील तर प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरल्याची चलनं मागा. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी फिरून मूळ मालकावरच येते, म्हणजे तुमच्या ट्रस्टवर.

चर्चची शाळा असेल तर आणखी एक मुद्दा आहे, तो बहुतेक मंडळ्या टाळतात. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना यातून सूट मिळाली. कायद्याने सूट दिली म्हणून सुवार्तेनेही दिली असं होत नाही. शाळेने स्वतःहून दर वर्गात ठराविक जागा आणि फीमाफी ठेवावी, आणि निवड मुख्याध्यापकांच्या मर्जीवर न सोडता निधीच्या कमिटीने केलेल्या गृहभेटीवर करावी.

किती द्यायचं

दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, जुन्या करारातला आहे. नव्या करारात पौल आकडा सांगत नाही, पद्धत सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी वर्गणी गोळा करत फिरायला नको (१ करिंथ १६:२). आजच्या पगारदार माणसासाठी याचा अर्थ बँकेतली स्थायी सूचना. गृहकर्जाचा हप्ता ज्या तारखेला जातो त्याच तारखेला निधीचा हिस्सा जाऊ द्या. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचं ठरवलं तर काही उरत नाही, हे कोणत्याही कार्डाचं स्टेटमेंट सांगेल.

सुरुवातीला हातात येणाऱ्या पगाराच्या २ टक्के ठेवा. १,२०,००० हातात येत असतील तर २,४००. दरवर्षी पगारवाढ झाली की एक टक्का वाढवा. ज्याला झेपेल त्याने दशमांशापर्यंत जावं. ज्यांची मिळकत महिन्याला बदलते, रिक्षावाले, मच्छी विकणाऱ्या मावश्या, त्यांना टक्केवारी सांगू नका. त्यांचं देणं पेटीत पडेल तेवढं, आणि ते कोणी मोजायचं नाही.

दुसरा हिस्सा समारंभातून येतो. पहिला ख्रिस्तप्रसाद, लग्न, साखरपुडा, वाढदिवस यांच्या जेवणाच्या बिलाचा दहावा भाग निधीला, असा रिवाज मंडळीत पाडता येतो. १५० ताटं ९०० रुपयांनी म्हणजे १,३५,०००, आणि निधीला १३,५००. हॉल बुक करतानाच पाळकांनी ही गोष्ट काढावी, नंतर नाही. लग्न झाल्यावर कोणाच्याही हातात पैसे नसतात.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. खारघर, उलवे, तळोजा भागात गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेले फ्लॅट मंडळीतल्या काही कुटुंबांकडे असतात. लूक १२ मधला श्रीमंत मूर्ख कोठारं पाडून मोठी बांधतो ती हीच. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी त्याच दाखल्यावर प्रवचन करताना सांगितलं की कपाटात पडून असलेलं वस्त्र उघड्या माणसाचं आहे. आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत, शहराबाहेर आजाऱ्यांसाठी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली. फ्लॅट दान करा असं कोणी म्हणत नाही. पण अकरा महिन्यांच्या रीतसर करारावर, डिपॉझिट न घेता, बाजारभावाच्या निम्म्या भाड्यात एखाद्या विधवेला किंवा रुग्णाच्या कुटुंबाला तो देता येतो. करार नोंदवाच. तोंडी उपकारातून पुढे कोर्टकचेरी होते आणि मग मंडळीत कोणीच घर द्यायला धजत नाही.

कमिटी

पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची शाखा असेल तर समांतर कमिटी काढू नका, तिलाच बळ द्या. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, आणि जोडीने घरी जाऊन भेटायची तिची पद्धत आजही सगळ्यात चांगली आहे. शाखा नसेल तर सात जण पुरेत. प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही सातच निवडले होते, आणि कारणही ओळखीचं आहे: रोजच्या वाटपात एका भाषेच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. आपल्याकडे मराठी, कोकणी, तमिळ, मल्याळी, हिंदी बोलणारे एकाच चर्चमध्ये असतात. सातही जण एकाच गटाचे असले तर तीच तक्रार सहा महिन्यांत येणार.

सातात किमान तीन स्त्रिया हव्यात, आणि किमान एक माणूस किसननगर, लोकमान्यनगर, कळवा, दिघा, तुर्भे स्टोअर अशा वस्तीत राहणारा हवा. चर्चच्या मालमत्तेची आणि बांधकामाची कमिटी वेगळी ठेवा. एकच माणूस दोन्हीकडे असला की पैसा सिमेंटकडे वळतो. नातेवाइकाचं प्रकरण आलं तर त्या सभासदाने उठून बाहेर बसायचं.

पाळकांच्या किंवा फादरांच्या हातात तातडीची छोटी रक्कम असू द्या, एका प्रकरणाला २,००० पर्यंत. रात्री अकराला कळवा हॉस्पिटलला निघालेल्या माणसाला रविवारच्या मीटिंगपर्यंत थांबवता येत नाही. त्यापुढची रक्कम दोन सभासदांच्या होकाराने, १०,००० वरची पूर्ण कमिटीने.

गृहभेट

फॉर्म भरून घेऊन गरीब शोधता येत नाहीत. फॉर्म नीट भरता येणारे बहुतेक वेळा सर्वात गरजू नसतात. घरी जावं लागतं.

दोघांनी जा, त्यात एक स्त्री असू द्या. आधी फोन करा. रोजंदारीवाल्याकडे संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दुपारी. पाण्याच्या वेळेला अजिबात जाऊ नका. नळ तासभर येतो आणि त्या तासात घरातली बाई तुमच्याशी बोलू शकत नाही. वीस-पंचवीस मिनिटं बसा. चहा दिला तर घ्या. "नको, नको" म्हणून उठणारा पाहुणा तपासनीस ठरतो.

काय पाहायचं? टीव्ही नाही. घरात टीव्ही आहे म्हणून नाव कापणं ही सर्वात जास्त होणारी चूक. तो हप्त्यावर असतो, कोणी दिलेला असतो किंवा बऱ्या दिवसांतला असतो. पाहायचं ते असं: सिलिंडर चालू आहे की स्टोव्हवर काम भागवलं जातंय, शाळेच्या दिवशी मूल घरी आहे का, औषधांच्या गोळ्या अर्ध्या करून घेतल्या जातात का, बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या हप्त्याचं कार्ड कितीचं आहे. दोन प्रश्न बरंच काही उघड करतात. महिन्यात पैसे साधारण कोणत्या तारखेला संपतात? आणि गेल्या महिन्यात उसने कोणाकडून घेतले? पहिल्याचं उत्तर २५ तारीख असेल तर अडचण तात्पुरती आहे. १० तारीख असेल तर मिळकत आणि खर्चाचं गणितच बसत नाही, आणि किराणा मालाचं किट देऊन ते बसणार नाही.

समोर बसून लिहू नका. त्याच रात्री घरी येऊन नोंद करा: माणसं, वयं, मिळकत, भाडं, कर्ज, आजार, कागदपत्रं, आधीच मिळत असलेली मदत. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक द्या आणि मीटिंगमध्ये चर्चा क्रमांकानेच करा. फोटो काढायचे नाहीत, वाटपाचेही नाहीत. देणगीदार फोटो मागतात. त्यांना मत्तय ६:३ वाचायला सांगा किंवा खर्चाचा तक्ता पाठवा.

किट: काय, किती, आणि कधी नको

किटमध्ये तांदूळ कोंबायची सवय सोडा. सरकारच्या "प्राधान्य कुटुंब" यादीतल्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं, अंत्योदय (सर्वात गरिबांच्या) कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. ज्याच्याकडे हे चालू आहे त्याच्या घरी तांदूळ असतो. डाळ आणि तेल नसतं. चार माणसांच्या घराला महिन्याला हे पुरतं:

तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूगडाळ १ किलो, मटकी-चणे-चवळी मिळून दीड किलो, तेलाच्या १ लिटरच्या दोन पिशव्या, शेंगदाणे ५०० ग्रॅम, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा २५० ग्रॅम, मसाला २५० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, अंगाचे साबण ४, कपड्यांचे २, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं.

याने माणशी दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्य पडतं. वजन साधारण १० किलो होतं, म्हणजे एका बाईला बसने नेता येतं. ज्यांचं रेशन बंद आहे किंवा कार्डच नाही त्यांना वर ५ किलो तांदूळ आणि ५ किलो आटा, पण ते घरपोच. वीस किलोची पिशवी देऊन "न्या" म्हटलं की रिक्षाचे पैसे मदतीतूनच जातात.

तीस किटांच्या वर खरेदी असेल तर वाशीच्या एपीएमसीतलं दाणा बंदर (घाऊक धान्य बाजार) परवडतं. खाली असेल तर टेम्पोभाड्यात बचत संपते, जवळच्या घाऊक दुकानातून घ्या. पक्कं बिल मागा. तेलाचा १५ किलोचा डबा स्वस्त दिसतो, पण बाटल्या भरताना सांडतं, माप कमी-जास्त होतं आणि भांडण होतं. लोकांनी घरून आणलेलं सुटं धान्य एकत्र करू नका. एकाच्या तांदळातले किडे आठवड्यात सगळ्या पोत्यात जातात. जून ते सप्टेंबर साठा तीन आठवड्यांहून जास्त ठेवू नका. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. दान आलेल्या बिस्किटांच्या तारखा तपासा. मुदत संपत आलेला माल "गरिबांना चालेल" म्हणून पाठवणारे भेटतातच, तो सरळ परत करा.

आमचं मत विचाराल तर नेहमीच्या कुटुंबांसाठी किटपेक्षा किराणा खातं बरं. वस्तीतल्या एका दुकानदाराकडे कुटुंबाच्या नावे महिन्याची मर्यादा ठरवायची, ते हवं ते घेतात, बिल निधीकडे येतं. गुटखा, सिगारेट आणि रिचार्ज सोडून सगळं चालेल. मधुमेही आजीला साखर नको असते, तान्ह्या बाळाच्या आईला दूध हवं असतं. हे कमिटीपेक्षा त्यांना जास्त कळतं. यात एक गडबड होते: दुकानदार मालाऐवजी रोख देतो आणि मधला हिस्सा कापतो. दर तीन महिन्यांनी बिलातली यादी कुटुंबाला सहज वाचून दाखवली की ते उघड होतं. रोख घेतलेल्या कुटुंबावर चिडण्याआधी त्याला रोख का लागली ते विचारा. बहुतेक वेळा भाडं किंवा औषध असतं, म्हणजे तुमची मदतच चुकीच्या जागी बसली होती.

कागद: सर्वात स्वस्त मदत

एक नीट झालेलं रेशनकार्ड वर्षभराच्या किटांपेक्षा जास्त धान्य देतं. तरी मंडळ्या किटवर लाखभर खर्च करतात आणि कागदांसाठी एक माणूस देत नाहीत. कमिटीतल्या दोघांनी फक्त हेच काम करावं. निवृत्त सरकारी नोकर, बँकवाले, शिक्षक यांत तरबेज असतात.

आधी कोणतं कार्यालय ते समजून घ्या. ठाणे शहर आणि ऐरोली ते बेलापूर हा भाग शिधावाटप कार्यालयांच्या अखत्यारीत येतो. उत्पन्नाचा दाखला मात्र ठाणे तहसीलचा. खारघर, कामोठे, कळंबोली लोक नवी मुंबईतच धरतात, पण ते पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहेत. तिथे रेशनही पनवेल तहसीलच्या पुरवठा शाखेकडे आणि दाखलेही तिथलेच. खारघरच्या बाईला ठाण्याला पाठवलं तर तिचा एक दिवसाचा रोज बुडतो.

केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतं असं नाही. कार्ड प्राधान्य यादीत आहे का, ऑनलाइन बारा अंकी क्रमांक आहे का, प्रत्येक सभासदाचं ई-केवायसी (आधारने ओळख पडताळणी) झालं आहे का, या तीन गोष्टी पाहा. अंगठा न उमटणारे म्हातारे आणि गावी असलेली मुलं इथेच गळतात. गावचं कार्ड असलेल्या माणसाला "एक देश एक रेशनकार्ड"खाली इथल्या दुकानातही धान्य घेता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार करा.

विधवा, परित्यक्ता, अपंग, दीर्घ आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज करताना अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि रहिवासाच्या पुराव्यावर. एकदा सुरू झालेलं अनुदान बंद पडतं ते हयातीचा दाखला न दिल्याने किंवा बँक खातं आधारला न जोडल्याने. निधीच्या वहीत प्रत्येक लाभार्थ्यापुढे या दाखल्याची तारीख लिहा. नाका कामगाराने वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ९० दिवसांचं प्रमाणपत्र मिळवणं हीच खरी लढाई, आणि मंडळीतला एखादा बिल्डर किंवा कंत्राटदार सदस्य इथे हजार रुपयांच्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

ख्रिस्ती कुटुंबांच्या दोन खास अडचणी आहेत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. अर्ज फेटाळला जाण्याआधीच राजपत्रात नावबदल करून एक नाव पक्कं करा. दुसरी जातीच्या दाखल्याची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म चुकीच्या प्रवर्गात भरला तर वर्ष वाया जातं, आणि चुकीचा दावा ठरला तर त्याहून वाईट होतं.

दवाखाना

इथे पैसा सर्वात वेगाने संपतो, म्हणून क्रम पाळा. पहिल्यांदा सरकारी-पालिकेचं रुग्णालय: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरुळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं. ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा. खाजगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, तेही दाखल होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर धावपळ केली तर "खाटा भरल्या आहेत" हे उत्तर ठरलेलं असतं.

निधीने भरायचं ते योजनेत न बसणारं: बाहेरून आणायची औषधं, तपासण्या, येण्याजाण्याचा खर्च, सोबत राहणाऱ्याचं जेवण आणि बुडालेला रोज. पंधरा दिवस नवऱ्याजवळ बसलेल्या बाईच्या घरात चूल कशी पेटते, हे रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही.

कर्ज नको, हप्ता नको

निधीतून कर्ज द्यायचा मोह आवरा. निर्गम २२:२५ व्याज घेऊ नको म्हणतं. त्याहून मोठी अडचण ही की कर्ज घेतलेलं कुटुंब हप्ता थकला की उपासनेला यायचं थांबतं. रक्कम छोटी असेल तर देऊन टाका. भाड्याच्या डिपॉझिटसारखी मोठी असेल तर ती घरमालकाला थेट द्या आणि घर सोडताना निधीकडे परत यावी असं करारात लिहून घ्या. शिलाई मशीन, हातगाडी, वजनकाटा अशी कामाची वस्तू द्यायची असेल तर आधी तो माणूस ते काम करत होता का ते पाहा. नुसत्या इच्छेवर दिलेली मशीनं पलंगाखाली जातात.

चर्चच्या आत

याकोब २ मध्ये सोन्याची अंगठीवाला पुढे बसतो आणि मळक्या कपड्यांचा पायाशी. आपल्याकडे हे खुर्चीवरून कळत नाही, वर्गणीवरून कळतं. सणाची वर्गणी घरटी सारखी लावू नका. देणगीदारांची नावं रकमेसह फलकावर लावू नका. मंडळीच्या सहलीत दर पाच जागांमागे एक जागा निधीतून, नाव न सांगता. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या पोशाखाचा खर्च गरीब घराला कर्जात ढकलतो. पॅरिशने वेगवेगळ्या मापांचे वीसेक साधे पोशाख शिवून ठेवावेत आणि त्या दिवशी *सगळ्याच* मुलांनी तेच घालावेत. फक्त गरिबांनी घातले तर ते न शिवलेले बरे.

मदत मंडळीपुरती ठेवू नका, आणि धर्म विचारू नका. किटमध्ये पत्रिका, कॅलेंडर, प्रार्थनेचं निमंत्रण काहीही घालायचं नाही. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला ये असं सुचवणंही चूक आहे, भुकेल्या माणसाचा होकार खरा नसतो. शिवाय त्यातून उठलेल्या संशयाची किंमत वस्तीतली गरीब ख्रिस्ती कुटुंबं मोजतात, टॉवरमधली नाही.

हिशेब

निधीचं बँक खातं वेगळं ठेवा, दोन सह्यांचं. यूपीआयचा कोड ट्रस्टच्या खात्याचा असू द्या, खजिनदाराच्या मोबाईलचा कधीही नाही. ट्रस्टला ८०जी (देणगीवर आयकर सवलतीची) नोंदणी असेल तर २,००० च्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे पावती देतानाच सांगा. आखातातल्या सभासदाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने बँकेमार्फत पाठवलेले बचतीचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण कॅनडाचा नागरिक झालेल्या भावाचे ठरतात, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी नसेल तर ते पैसे घेऊ नका.

दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर चार आकडे लावा: किती जमले, किती कुटुंबांना मदत झाली, कशावर किती खर्च झाला, शिल्लक किती. नावं नाहीत.

प्रत्येक कुटुंबाचा आढावा सहा महिन्यांनी घ्या, आणि मदत थांबवायची असेल तर दोन महिने आधी घरी जाऊन सांगा. अचानक बंद झालेल्या किराणा खात्याची बातमी दुकानदाराकडून कळणं हा अपमान आहे. म्हातारी एकटी माणसं, गंभीर अपंगत्व आणि अंथरुणाला खिळलेले यांना आढाव्यातून वगळा. १ तीमथ्य ५ मधल्या विधवांच्या यादीसारखी त्यांची कायमची यादी असावी. कमिटी बदलताना जुन्या आणि नव्या सभासदांच्या जोड्या करून तीन महिने एकत्र भेटी द्या आणि वही जूनच्या आधी हातात सोपवा, पावसाळ्यात नाही.